कॅल्शियम ५०० + डी३ ची गोळी: माल चोख, पण घ्यायची रीत चुकते

इंदूरच्या दवा बाजारात काय किंवा घराजवळच्या मेडिकलवर काय, नुसतं ‘कॅल्शियमची गोळी द्या’ म्हटलं की बहुतेक वेळा हातात पडते ती कॅल्शियम कार्बोनेट आणि डी३ जीवनसत्त्वाची. कंपन्या ढीगभर, नावंही ढीगभर, आतला माल मात्र जवळपास एकच. म्हणून इथे कुठल्या एका नावाचा नाही, या गोळीचाच विचार केला आहे. पाचपैकी चार गुण.

आधी पट्टी उलटी करून वाचा. बारीक अक्षरात दोन आकडे असतात: कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिग्रॅ आणि त्याच्या बरोबरीचं एलिमेंटल, म्हणजे निव्वळ कॅल्शियम ५०० मिग्रॅ. कार्बोनेटमध्ये वजनाच्या ४० टक्के कॅल्शियम असतं, त्यामुळे १२५० चे ५०० होतात. पोटात जातं ते हे ५००, आणि हिशेब त्याचाच धरायचा. सिट्रेट या कॅल्शियमच्या दुसऱ्या प्रकारात हे प्रमाण २१ टक्क्यांच्या आसपास असतं. म्हणून पुढे ठळक ‘१०००’ छापलेली महागडी सिट्रेट मॅलेटची गोळीसुद्धा पुष्कळदा २००-२५० मिग्रॅच देते. शिंपल्यापासूनचं, समुद्री, नैसर्गिक वगैरे लिहून भाव वाढवलेला असला तरी रसायन तेच कार्बोनेट. त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत. जनऔषधी केंद्रातली साधी गोळी अगदी चालते.

तक्रारी येतात त्या मुख्यतः घेण्याच्या पद्धतीमुळे. कार्बोनेट विरघळायला जठरातलं आम्ल लागतं आणि ते जेवताना भरपूर सुटतं. म्हणून गोळी जेवणाच्या मधेच किंवा ताटावरून उठताच घ्यावी. आपल्या घरांमधून चतुर्थी, एकादशीला सकाळी नुसत्या चहावर गोळी गिळली जाते, ती नीट अंगी लागत नाही. उपासाच्या दिवशी ती साबुदाण्याच्या खिचडीबरोबर किंवा भगरीबरोबर घ्या. उपासाला एक बदल जरूर करा: साबुदाण्यात कॅल्शियम नावापुरतंच असतं, राजगिऱ्यात बऱ्यापैकी.

एका वेळी ५०० मिग्रॅपर्यंतचं कॅल्शियम शरीर नीट शोषतं, त्यापुढे शोषणाचं प्रमाण घसरतं. दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत, आणि रात्री झोपताना पेलाभर दुधाबरोबर घ्यायची सवयही सोडावी. २०० मिली दुधातच सुमारे २४० मिग्रॅ असतं, त्यावर ५०० ची भर पडते. दूध वेगळ्या वेळी प्या.

चहा, कॉफीपेक्षा मोठी अडचण लोहाच्या गोळीची. दोन्ही एकत्र घेतल्या तर लोहाचं शोषण कमी होतं, म्हणून मधे किमान २ तास जाऊ द्यावेत. गरोदर बायकांना सरकारी दवाखान्यातून १४ व्या आठवड्यापासून रोज दोन कॅल्शियमच्या गोळ्या देण्याची पद्धत आहे. त्या एक सकाळच्या आणि एक संध्याकाळच्या जेवणाबरोबर घ्यायच्या, लोहाची वेगळी. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी तर ४ तासांचं अंतर पाळलंच पाहिजे, नाहीतर डोस बरोबर असूनही टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) वर राहतो आणि कारण कळत नाही.

एक गुण कापला तो बद्धकोष्ठ आणि गॅससाठी. कार्बोनेटने हा त्रास होतोच काहींना. पाणी वाढवा, अर्धी-अर्धी करून दोन जेवणांत वाटा. मधे रेघ असलेलीच गोळी तोडायची. तरीही जमत नसेल, किंवा आम्लपित्तासाठी रोज पँटोप्राझोल, ओमेप्राझोल चालू असेल, तर डॉक्टरांना विचारून सिट्रेटवर या. सिट्रेटला आम्लाची तेवढी गरज नसते, उपाशीपोटीही चालतं. इथे मात्र जास्तीचे पैसे सार्थकी लागतात.

गोळीच्या दर्जाची शंका असेल तर घरी पाहता येतं. अर्धी वाटी साधं पांढरं व्हिनेगर घ्या, त्यात गोळी टाका आणि दर पाच-एक मिनिटांनी चमच्याने ढवळा. बुडबुडे सुटतात, कड भुरभुरीत होते, आणि अर्ध्या तासात गोळी मोडून तळाशी गाळ दिसायला हवा. तशीच घट्ट राहिली तर ती पोटातही मोडेल याचा भरवसा नाही. गोळी मोडते का, एवढंच यातून कळतं. शोषण किती होईल ते नाही.

किती घ्यायच्या? प्रौढांना दिवसाला १००० मिग्रॅ लागतं, अंगावर पाजणाऱ्या आईला १२००. आधी ताटातलं मोजा. दोन पेले दूध ४८०, एक वाटी दही १८०, मोठा चमचाभर तीळ सुमारे १००. झाले साडेसातशेच्या वर. अशा घरात एक गोळीसुद्धा जास्तच होते. नाचणीची ५० ग्रॅम पिठाची भाकरी आणखी पावणेदोनशेच्या आसपास देते. पालकावर विसंबू नका, त्यातल्या ऑक्झलेटमुळे कॅल्शियम फारसं अंगी लागत नाही.

‘रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल आहे, मग गोळी कशाला?’ हा प्रश्न काउंटरवर वारंवार येतो. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. रक्तातली पातळी घसरू लागली की पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतून काढून ती भरून काढतात, म्हणून रिपोर्ट चांगला आणि हाडं ठिसूळ असं होऊ शकतं. हाडांसाठी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी असते.

गोळीतलं डी३ बहुधा २५० आययू (जीवनसत्त्व मोजायचं एकक), म्हणजे कमतरता भरून काढायला अपुरं. त्यासाठी ६०,००० आययूचं पाकीट देतात, बहुतेकदा आठवड्यातून एकदा. तेच चुकून रोज घेतलं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं: तहान, उलट्या, बद्धकोष्ठ, पुढे गोंधळल्यासारखं होणं. पाकिटावर पेनने वार लिहून ठेवा. मूत्रपिंडाचा विकार किंवा मुतखडा असलेल्यांनी ही गोळी मेडिकलवरून परस्पर आणू नये. मुतखड्यात दूध-दही मात्र बंद करायचं नसतं, जेवणातलं कॅल्शियम खडा बनवणाऱ्या ऑक्झलेटला आतड्यातच अडवतं.