पाचपाखाडीचा शुगरवाला डबा: तीन महिने खाऊन झाल्यावर

आधीच सांगते, डबा देणारीचं नाव आणि नंबर इथे मिळणार नाही. तिनंच बजावलंय. "काकू, लिहा हवं ते, पण नाव टाकू नका. बत्तीस डबे आहेत आणि हात दोनच." शिवाय मला तिच्या दोन-चार तक्रारीही करायच्या आहेत, म्हणजे नाव नसलेलंच बरं. ठाण्यात आता गल्लोगल्ली 'डायबेटिक टिफिन'च्या पाट्या लागल्यात. त्यातला कुठलाही लावण्याआधी काय विचारून घ्यायचं ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी चरईत राहते. जुनी बिल्डिंग, दुसरा मजला, लिफ्ट नाही. एकतीस वर्षं शाळेच्या ऑफिसात लिपिक होते. आम्ही कायस्थ, त्यामुळे घरात चार माणसं होती तेव्हा विकतचं जेवण आणणं म्हणजे अपमानच. हे गेले, मुलगा पुण्याला गेला आणि एकटीसाठी कुकर लावायचा कंटाळा यायला लागला. दुपारी चहा-खारी, रात्री पोहे नाहीतर ब्रेड. अकरा वर्षांची जुनी शुगर, तिला हे आयतंच मिळालं.

मे महिन्यात रात्री अडीचला उजव्या पायाचा अंगठा पेटला. पेटलाच म्हणते, दुखला नाही. पंख्याचा वारासुद्धा त्याला लागत होता. सकाळी जवळच्या एका दवाखान्यात दाखवलं तर "चप्पल चावली असेल" म्हणून मलम मिळालं. चार दिवसांनी आपोआप उतरलं, तेव्हा मलाही वाटलं चप्पलच असेल. जूनमध्ये आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून घेतल्या: एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी) ८.४, युरिक ॲसिड ९.१. गाऊट. मी म्हटलं, हे तर दारू पिणाऱ्या पुरुषांचं दुखणं ना? तर म्हणाले, पाळी असेपर्यंत बाईचं शरीर युरिक ॲसिड बरं बाहेर टाकतं, पाळी गेली की ती सवलत संपते. आणि ६.८च्या वर ते रक्तात विरघळून राहत नाही, त्याचे सुईसारखे खडे सांध्यात बसतात. अंगठा शरीरात सगळ्यात गार, म्हणून पहिला मान त्याचा. माझ्या बीपीच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड होतं, तेही युरिक ॲसिड वाढवतं. ती बदलून लोसार्टन दिली, ती उलट थोडं कमी करते. सहा वर्षं मी ती आधीची गोळी देवाच्या प्रसादासारखी न चुकता घेत होते.

तर डबा. महिन्याचे चोवीस डबे, ३,२०० रुपये, रविवार बंद. चार कप्प्यांचा स्टीलचा डबा, झाकणावर नेलपॉलिशनं १७ लिहिलेलं. खालच्या कप्प्यात भाजी, वर उसळ किंवा घट्ट आमटी, मग कोशिंबीर, सगळ्यात वर दोन फुलके. मंगळवारी-गुरुवारी ज्वारीची भाकरी. सोबत छोट्या बाटलीत ताक. भात मागितला तरच, तोही अर्धी वाटी.

भाकरीबद्दल थांबून लिहायला हवं. ती फॉइलमध्ये नाही, धुतलेल्या फडक्यात गुंडाळलेली येते, त्यामुळे घाम धरून चिवट होत नाही. पापुद्रा सुटलेला असतो आणि कडेला कुठेतरी बोटाचा एक ठसा असतो, थापतानाचा. पहिल्या दिवशी तो ठसा बघून मी दोन मिनिटं नुसती बसले. चार वर्षांत दुसऱ्या कुणी माझ्यासाठी भाकरी थापली नव्हती. भाजीला तेल बेतानं. माझं माप साधं आहे: कप्पा विसळताना बोटाला ओशट लागता कामा नये. लागत नाही.

तिचं माहेर कराडकडचं, म्हणून शेंगदाण्याचं कूट सगळ्यात. काकडीत कूट, वांग्यात कूट, पालकात कूट. ही तक्रार क्रमांक एक. सांगून कमी झालंय, बंद झालेलं नाही. मीठही अंमळ जास्त, बीपीवाल्यांनी आधीच बोलून घ्यावं.

मी जेवणाच्या पहिल्या घासापासून दोन तासांनी बोट टोचते आणि आकडा कॅलेंडरवर त्या त्या तारखेच्या चौकटीत लिहिते. पहिल्या आठवड्यात १६८, १५४, १७२, १४९. डॉक्टरांनी मला १८०च्या आत राहा म्हणून सांगितलेलं, म्हणजे पास. (एकदा २६२ आला आणि धाबं दणाणलं. मग आठवलं, शेजारच्यांसाठी आंबा चिरून हात नुसता पदराला पुसला होता. साबणानं हात धुऊन परत बघितलं तर १५८. टोचण्याआधी हात धुवा, मशीनला शिव्या नंतर द्या.)

दुसऱ्या आठवड्यात मीच घोळ केला. फोनवर सहज म्हटलं, "मला युरिक ॲसिडपण आहे गं." बाई बिचारी घाबरली. तिनं कुठून कुठून ऐकून घेतलं की डाळ बंद, उसळ बंद, पालक, टोमॅटो, फ्लॉवर बंद. सोमवारपासून डब्यात दुधी, पडवळ, दोडका, परत दुधी. उसळीच्या कप्प्यात भात. पोट भरावं म्हणून तिसरा फुलका आणि भाजीत बटाटा. प्रेमानं केलेलं सगळं. माझ्या कॅलेंडरवर २३६, २२८, २५१.

ही माझ्या मते या सगळ्यातली मुख्य गोष्ट आहे. शुगरसाठी कुणीतरी सांगतं भात-पोळी कमी करा, डाळी-उसळी वाढवा. युरिक ॲसिडसाठी दुसरं कुणीतरी सांगतं डाळी बंद करा. दोन्ही ऐकलं तर ताटात दुधी आणि पाणी उरतं. मी तो आठवड्याचा हिशोब घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सांगितलं की २००४ मध्ये अमेरिकेत एक मोठा अभ्यास छापून आला होता. ४७,१५० पुरुष, बारा वर्षं. मटण आणि मासळी जास्त खाणाऱ्यांना गाऊट जास्त झाला. डाळी, पालक, मशरूम खाणाऱ्यांमध्ये तसं काही दिसलं नाही. दूध-दुभतं जास्त घेणाऱ्यांना तर कमी झाला. "पुरुषच होते ते," मी म्हटलं. "हो, पण डाळ सोडून भात खायला तुमच्याकडेही कारण नाही," ते म्हणाले. माझं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची तपासणी, ठीक आहे म्हणून मला हे सांगितलं. ज्यांचं वाढलंय त्यांना डाळींचं माप वेगळं देतात, त्यांनी माझ्यावर जाऊ नये.

मी ऑफिसातल्या सवयीनं एक कागद केला. डावीकडे 'चालेल': मूग, मटकी, वाल, चणे, पालक, टोमॅटो, ताक, अंडं. उजवीकडे 'नको': कलेजी, भेजा, खिमा, सोडे, सुकट, तारली, जादा भात, बटाटा, कसलाही रस. शाकाहारी डब्यात सोडे येणार नव्हतेच, पण ते माझ्या स्वतःसाठी लिहिलं. कागद घडी करून रिकाम्या डब्यात ठेवला. संध्याकाळी फोन आला. "काकू, हे आधी का नाही दिलंत?" गुरुवारी मटकी परत आली. दोन तासांनी १६१.

पाटीवर 'स्पेशल' काय लिहिलंय ते सोडा. सांगितलेलं ऐकून दोन दिवसांत बदल करते की नाही, ते बघा. ही करते.

आता तक्रार क्रमांक दोन, आणि ही जोरात आहे. शुक्रवारी डब्यात 'शुगर फ्री' लाडू येतो. खजूर, अंजीर, वर मध. "साखर अजिबात नाही हं काकू." साखर नाही, पण खजुरात आणि मधात जे आहे ते काय भजन करत बसणार आहे? माझा आकडा २१४. वर ते फ्रुक्टोज यकृतात मोडतं तेव्हा युरिक ॲसिडही तयार होतं. एका लाडवात दोन्ही दुखण्यांची सोय. तिला मी हे तीनदा समजावलं. ती म्हणते बाकीचे एकतीस जण खूश आहेत. माझा लाडू आता खालचा किराणावाला खातो, तोही खूश आहे. आषाढीला तिचा उपवासाचा डबा मागवला, साबुदाणा आणि मोसंबीचा रस. त्याचा आकडा लिहीत नाही, मीच हट्टानं मागवला होता.

वेळेचं म्हणाल तर साडेबारा म्हणजे साडेबारा. फक्त जुलैच्या त्या पावसात वंदना टॉकीजच्या तिथे पाणी भरलं आणि डबा आला पावणेदोनला. मी सकाळी नाश्त्याबरोबर ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी घेते. ही गोळी तुमच्या जेवणाची वाट बघत नाही. एक वाजून गेल्यावर हात थरथरायला लागले, कपाळावर घाम, टीव्हीवरची अक्षरं हलायला लागली. मशीन ६४. ज्या साखरेशी अकरा वर्षं वैर, तीच तीन चमचे पाण्यात ढवळून प्यायले, पंधरा मिनिटांनी परत तपासलं, ९१. तेव्हापासून ओट्यावर फुटाण्याची बरणी असते आणि साखरेचा डबा हाताशी. डबा कोणाचाही लावा, ही सोय आपली आपण करायची.

पोचवायला एक मुलगा येतो, कॉलेजात शिकतो, स्कूटरवर. डबा खाली किराणावाल्याकडे ठेवून जातो, वर चढत नाही. वर चढायचे पैसेच घेतलेले नाहीत, त्यामुळे तक्रार नव्हती. मग भाद्रपद आला. आमच्यात गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो. जाऊबाईंकडे डोंबिवलीला गेले आणि तो उजवीकडचा कागद विसरले. सोडे घातलेली वांगी, कोळंबीचं कालवण, खिमा पॅटिस. 'थोडं थोडं' असं स्वतःला सांगत पॅटिस तीन. दुसऱ्या रात्री अंगठा परत पेटला. डॉक्टर म्हणाले, पॅटिस एकटंच दोषी नाही. जुलैत ॲलोप्युरिनॉल (युरिक ॲसिड कमी करणारी गोळी) सुरू केलंय, त्यानं जुने खडे विरघळायला लागतात आणि पहिल्या काही महिन्यांत अशी उचल होऊ शकते. गोळी आपल्या मनानं थांबवायची नाही. (अंगावर पुरळ आलं तर मात्र लगेच थांबवून फोन करायचा, हे त्यांनी पहिल्या दिवशीच दटावून सांगितलं होतं.) शुगर, बीपी आणि वय बघून नेहमीच्या दुखण्याच्या गोळ्या त्यांनी टाळल्या, मूत्रपिंडाला सोसत नाहीत म्हणून. कोल्चिसिन या गाऊटच्या गोळीनं भागलं नाही तेव्हा पाच दिवस स्टेरॉइड दिलं. त्यानं अंगठा दीड दिवसात शांत झाला आणि शुगर गेली ३१८ वर. एकाचं औषध दुसऱ्याला विष, अशी आमच्या घरातली दोन भाडेकरूंची तऱ्हा.

अंगठा पेटला त्या दिवशी मी डबेवालीला फोन करून एवढंच म्हटलं की आज खाली उतरता येणार नाही. साडेबाराला दारावर टकटक. मी खुर्ची ढकलत ढकलत दारापर्यंत गेले. मुलानं माझ्या पायाकडे बघितलं, चपला बाहेर काढल्या, आत येऊन डबा ताटात काढून दिला, पाण्याची बाटली भरून शेजारी ठेवली आणि म्हणाला, "आजी, अजून काही लागेल?" म्हटलं, काकू म्हण, मग सांगते. पाच दिवस तो रोज वर आला. त्या पाच दिवसांत मी मागून घेतलेला भात न सांगता बंद झाला होता आणि त्या जागी दुप्पट कोशिंबीर. महिनाअखेरीला वरच्या मजल्याचे पैसे किती विचारलं, तर डबेवाली म्हणाली, "कसले पैसे?"

गेल्या आठवड्यात परत तपासलं. एचबीएवनसी ७.२. युरिक ॲसिड ६.३, ते सहाच्या खाली आणायचंय. शुगरच्या उताऱ्याचं श्रेय मी डब्याला देते, कारण शुगरची औषधं तीच आहेत आणि खारी सुटली. युरिक ॲसिडचं श्रेय ॲलोप्युरिनॉलला आणि बीपीच्या बदललेल्या गोळीला, डब्याला नाही. कुठल्याही डबेवाल्यानं 'आमच्या जेवणानं युरिक ॲसिड नॉर्मल' असं छापलं असेल तर पुढच्या पाटीकडे चालायला लागा.

पाचपैकी चार. एक लाडवाचा कापला.

पुढच्या महिन्याचे पैसे भरलेत. बुधवारी आता वालाचं बिरडं येतं, ते मी तिला फोनवर शिकवलं: वाल मोड आणून सोलायचे, नुसते भिजवून चालत नाहीत. पहिल्या वेळी तिनं त्यातही कूट घातलं होतं. आता घालत नाही. खोबरं मात्र कमीच असतं, ते मी वरून चिमूटभर भुरभुरते.