पक्षाघातानंतर गेलेली नजर आणि चुंबकीय उपचार: पैसे भरण्याआधी

पक्षाघाताने मेंदूच्या मागचा दृष्टीचा भाग दुखावला की दोन्ही डोळ्यांची एकाच बाजूची अर्धी नजर जाते. डोळे शाबूत असतात, म्हणून चष्म्याचा उपयोग नसतो. त्यावर आता आरटीएमएस, म्हणजे डोक्यावर कॉइल (तारेचं वेटोळं) धरून चुंबकीय स्पंदने देण्याचा उपचार सुचवला जातो. नैराश्यासाठी अमेरिकेत त्याला २००८ साली मान्यता मिळाली. नजरेसाठी मात्र तो अजून प्रायोगिकच आहे. खात्रीची भाषा करणाऱ्या केंद्रापासून दूरच राहा.

चांगलं केंद्र तयारीवरून ओळखता येतं. आधी एमआरआय आणि पेरिमेट्री म्हणजे दृष्टिक्षेत्राची तपासणी हवी. मग अंगठा फडकेल इतकी किंवा डोळ्यांपुढे प्रकाश चमकेल इतकी किमान तीव्रता शोधून मात्रा ठरते. सेकंदाला १ स्पंदन साधारणपणे मेंदूचा तो भाग शांत करतं, १० स्पंदनं चेतवतात. मेंदूच्या कोणत्या बाजूला यातलं काय देणार, हे विचाराच. कॉइल थोडी सरकली तरी नेम चुकतो, त्यामुळे टोपीवर खूण किंवा नेव्हिगेशन, म्हणजे कॉइलची नेमकी जागा दाखवणारी यंत्रणा, हवीच. कानात बोळे हवेत, आवाज मोठा असतो.

डोकेदुखी होऊ शकते. फिट (आकडी) क्वचित, पण येते. फिट्सचा इतिहास, डोक्यात धातूची क्लिप, कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकण्यासाठी कानात बसवलेलं यंत्र) किंवा पेसमेकर असेल तर आधीच सांगा.

पहिल्या तीन महिन्यांत नजर आपोआपही सुधारते. त्याचं श्रेय यंत्राला देऊ नका. न दिसणाऱ्या बाजूकडे नजर फिरवण्याचा सराव तर कुठल्याही परिस्थितीत सोडू नका.