बटेर का बदक? शिकारीच्या चवीचं खास जेवण अन् त्यावर फळाचा सॉस, मराठवाड्यात काय जमतं

परदेशी कुकिंगचे व्हिडिओ बघून आजकाल लई जण विचारतात, म्हणजे ते हरणाच्या नाहीतर रानबदकाच्या मांसावर लालभडक फळाचा सॉस ओततात ना, तसं आपल्याकडं लग्नाच्या वाढदिवसाला नाहीतर व्याही येणारेत तेव्हा करता येईल का? येतं, चांगलं येतं, फक्त मांस कोणतं अन् त्याला फळ कोणतं हे आधी नीट ठरवावं लागतं, कारण तिथं गडबड झाली की मांस वाया जातं अन् पाहुणे वरणभातावर येतात.

पहिलं म्हणजे खरी शिकार डोक्यातून काढून टाका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडं हरीण, काळवीट, रानातला ससा, तितर, मोर, जंगली लाव्हे सगळ्यांची शिकार बंद आहे, रानडुकराचीसुद्धा परवानगीशिवाय नाही, अन् सापडलं तर सरळ केस होते. हिवाळ्यात जायकवाडीच्या पाण्यावर जी बदकं उतरतात ती पण ह्यातच आली, ते तर पक्षी अभयारण्य आहे. कुणी गावाकडनं पिशवीत घालून 'एकदम ओरिजिनल माल' म्हणून आणून दिलं तरी घेऊ नका. कायद्याचं आहेच, पण ते कशानं मारलं, फासात किती वेळ पडून होतं, विष टाकून धरलं का काय, हे तुम्हाला कधीच कळणार नाही, अन् आपल्या माळरानावर ह्या पाखरांचं किती उरलंय ते आजूबाजूला बघितलं तरी समजतं. मला ह्या बाबतीत अजिबात तडजोड मान्य नाही.

मग शिकारीच्या चवीच्या जवळ जाणारं, फार्मवर वाढवलेलं काय मिळतं? जपानी बटेर (लाव्ह्यासारखा छोटा पक्षी), बदक, अन् घरचं म्हणाल तर गावरान कोंबडा नाहीतर उस्मानाबादी बोकड. खरा सामना बटेर अन् बदकातच आहे म्हणून त्याच्यावर जास्त लिहितोय.

फळ का लावतात हे समजलं की निम्मा निर्णय तिथंच होतो. रानातल्या जनावराचं मांस गडद, चरबी कमी, चव उग्र. आंबटपणा तो उग्रपणा कापतो अन् थोडा गोडवा त्याला गोल करतो, म्हणून इंग्लंडात हरणाबरोबर रेडकरंटची जेली असते, स्वीडनमध्ये रेनडिअरबरोबर लिंगनबेरी, अन् इराणात डाळिंब-अक्रोडाच्या दाट रश्श्यात बदक शिजवतात, त्याला फेसेंजान म्हणतात. ही सगळी फळं आंबट आहेत हे लक्षात घ्या. आपल्याकडं लोक उलटं करतात, घरात जे गोड फळ असेल ते घालतात अन् मग मटणाला शिऱ्याची चव येते. अन् आंबट-मांस आपल्याला काही नवीन नाही, १९४८ पर्यंत आपण निजामाच्याच राज्यात होतो, तिकडं हैदराबादेत चिंचेच्या कोवळ्या पाल्यातलं चिगूर गोश्त आजही घरोघर होतं.

आता बटेर. जपानी बटेर म्हणजे रानातला लाव्हा नव्हे, ही वेगळी जात, १९७४ मध्ये बरेलीजवळच्या इज्जतनगरला अमेरिकेतनं आणली अन् तिथनं देशभर फार्म पसरले. पाच-सहा आठवड्यात कापायला येते, साफ केल्यावर एक साधारण सव्वाशे-दीडशे ग्रॅम भरते, म्हणजे माणशी दोन धरा. संभाजीनगर, नांदेड, लातूरला मोठ्या चिकनवाल्याला दोन-तीन दिवस आधी सांगितलं तर मागवून देतो, पण फार्मचा माल आहे ना हे विचारा, बिल मागा, अन् जाळीत जिवंत, रानातनं धरलेली वाटत असली तर तिथंच थांबा.

बटेरची सगळ्यात मोठी जमेची बाजू वेळ. पाठीच्या हाडावरनं कात्रीनं कापायची, उघडून तळहातानं दाबून चपटी करायची, मीठ, मिरपूड, आलं-लसूण, थोडं तेल लावून तासभर ठेवायची, मग जाड तव्यावर कातडीची बाजू खाली, वर वजन ठेवून मध्यम आचेवर पाचेक मिनिटं, उलटून तेवढीच, मग झाकण घालून थोडा वेळ. सगळं मिळून पंधरा मिनिटाच्या आत. मांडीच्या जाड भागाला टोचल्यावर पाणी स्वच्छ आलं पाहिजे, थर्मामीटर असला तर आत ७४ डिग्री. धोका एकच, जास्त शिजली की कोरडी ठक्क होते अन् परत सुधरत नाही, म्हणून पाहुणे हात धुवायला उठले की तवा चढवायचा, आधी करून ठेवायची नाही. कुकरमध्ये तर बिलकुल नाही.

बटेरला फळ डाळिंब. बाजारात सगळीकडं भगवाच मिळतं, ते गोड असतं, त्यामुळं नुसता रस आटवला तर सरबताचा पाक होतो. दाणे मिक्सरला एखादाच फेरा द्या, बी भरडली गेली की कडू-तुरट होतं, मग गाळून घ्या. अर्धा लिटर रस आटवून पाव लिटरच्याही खाली आणायचा, त्यात लिंबू, मीठ, कुटलेले मिरे, चिमूटभर भाजलेलं जिरं, अन् बटेर काढल्यावर तव्यावर जे खरपूस चिकटलंय ते थोडं पाणी टाकून खरवडून ह्यातच मिसळायचं. त्या खरवडीशिवाय तो सॉस नुसता फळाचा रसच राहतो, मांसाशी त्याची गाठ पडत नाही. अनारदाणा, म्हणजे आंबट डाळिंबाचे सुकवलेले दाणे, मिळाला तर चमचाभर भिजवून वाटून टाका, फार फरक पडतो.

अन् जेवण आखाडात असेल, म्हणजे श्रावण लागायच्या आधी, तर डाळिंब सोडा अन् जांभूळ घ्या. जून-जुलैला जांभळं येतात अन् आखाडातली मटणाची जेवणंपण त्याच टायमाला, इतका सरळ जुळलेला योग वर्षात दुसरा नाही. पाव किलो पिकलेली जांभळं हातानं कुस्करून चाळणीतनं गाळायची, खडाभर गूळ, मिरे, मीठ, पाच-सात मिनिटं उकळी, अन् उतरवताना लोण्याचा गोळा, कारण जांभळाचा तुरटपणा जिभेला ओढून धरतो अन् लोण्यानं तो सुटतो. रंग असा येतो की ताटात बाकी काही सजवायची गरज नाही. परदेशातल्या त्या बेरीच्या सॉसच्या सगळ्यात जवळ जाणारं आपलं फळ हेच, माझं तरी स्पष्ट मत आहे.

बदक. ह्याला मान जास्त, दिसायला भारी, एक अख्खं बदक टेबलावर आलं की पाहुणे फोन काढतात. पण हिशोब करा, दोन किलोचं बदक चार माणसांना जेमतेम पुरतं कारण हाडं जड अन् कातडीखाली चरबीचा थर, ती वितळून निघून जाते. फार्मचं पांढरं पेकिन बदक असेल तर ही चरबी भरपूर, मांस मऊ. गावाकडं तळ्यावर फिरणारं देशी बदक असेल तर चरबी कमी पण मांस चिवट, वय झालेलं असेल तर दीड-दोन तास मंद आचेवर हलत नाही. त्यामुळं घेताना वय विचारा, आपल्याकडं मुळात बदक सहज मिळत नाही अन् जो विकतो तो अंडी द्यायची बंद झालेली मादीच विकायला काढतो असं बऱ्याचदा होतं.

बदकाची छाती अन् तंगड्या वेगळ्या शिजवल्या तरच नीट होतं. तंगड्या झाकून, थोड्या पाण्यात, हाड सुटेपर्यंत. छातीच्या कातडीवर सुरीनं चौकटी मारायच्या, मांसापर्यंत जायचं नाही, अन् थंड तव्यावर कातडी खाली ठेवून मग गॅस लावायचा, अगदी बारीक. दहा-पंधरा मिनिटं चरबी सुटत राहते, ती वाटीत काढत जायची. गरम तव्यावर टाकलं तर कातडी वरनं करपते अन् आतली चरबी तशीच राहते. परदेशात छाती आतनं गुलाबी ठेवतात, आपल्या बाजारातल्या मालाला ते करू नका, पूर्ण शिजवा.

फ्रेंच लोकांची बदक-संत्र्याची जुनी डिश आहे, मूळ त्यात कडू-आंबट संत्रं लागतं. आपल्याकडं ती जागा जालन्याच्या मोसंबीनं घ्यावी असं कुणालाही वाटणार, जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेलं फळ, घरचं फळ. इथं मात्र जपून. मोसंबीत आंबटपणा फार कमी, अन् तिचा रस काढून ठेवला की कडवट होतो, तापवला की अजून लवकर. म्हणून आधी तीन चमचे साखर कढईत तांबूस होईस्तोवर जाळा, त्यात दोन चमचे व्हिनेगर, मग बदकाच्या हाडांचं उकळलेलं पाणी कपभर, ते निम्मं आटवा, अन् मोसंबीचा ताजा रस अगदी शेवटी, गॅस बंद करायच्या वेळेला, बी अन् पांढरा पापुद्रा न येऊ देता. वर लिंबू पिळा. वासासाठी संत्र्याच्या सालीचा केशरी भाग किसून घातला तर सोन्याहून पिवळं. असा केलेला सॉस बदकाच्या चरबीला जसा कापतो तसा डाळिंबाचा पण कापत नाही, हे मान्यच करावं लागेल. आंबिया बहाराची मोसंबी साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबरला येते, दिवाळीच्या आसपासचं जेवण असेल तरच हे डोक्यात घ्या.

दोन्ही शेजारी ठेवून बघितलं तर चवीत बदक थोडं वर, बाकी सगळ्यात बटेर. बटेर पंधरा मिनिटात होते, बदकाला अर्धा दिवस जातो. बटेर माणशी मोजून लावता येते, बदकात छाती कुणाला अन् पंख कुणाला हा प्रश्न येतो. बटेर बिघडली तर एखाद-दुसरी बिघडते, बदक बिघडलं तर जेवणच गेलं. पहिल्यांदा करणाऱ्यानं बदकाच्या नादी लागू नये, ज्याच्याकडं वेळ आहे, हाताशी दुसरं माणूस आहे अन् पाहुणे चारच आहेत त्यानं खुशाल करावं.

आता पाहुणे दहा-बारा असतील, त्यात म्हातारी माणसं असतील, तर दोन्ही सोडा अन् सरळ उस्मानाबादी बोकडाकडं या. आपली काळी शेळी, माळावर चरलेली, मांसाला स्वतःचा वास अन् चव, हरणाच्या जागी ठेवायला हेच सगळ्यात योग्य. खांदा अन् नळी घ्या, मंद आचेवर शिजवा, फळ म्हणजे चिंच, सोबत गूळ अन् मूठभर मनुका. चिंचेचा कोळ मटण मऊ झाल्यावरच घाला, पहिल्यापासून घातला तर रस्सा काळवंडतो अन् ताजा आंबटपणा जातो. दाटपणाला चमचाभर येसर, म्हणजे भाजलेल्या धान्य-डाळींचं मसालेदार पीठ, लावलं की भाकरीशी एकदम जमतं, अन् आजोबांना हे काही परदेशी आहे असं वाटतपण नाही. काळा मसाला मात्र हात राखून, त्यातलं दगडफूल जास्त झालं की फळ कुठंच लागत नाही. गावरान कोंबड्याला हीच रीत चालते, पण चवीला तो शिकारीच्या मांसासारखा नाही, घरचाच आहे, त्यामुळं खास जेवणाला मी त्याला शेवटी ठेवीन.

दोन फळांपासून लांब राहा. एक बीडचं सीताफळ, कितीही नावाजलेलं असलं तरी गर तापवला की कडू होतो, ते जेवणानंतर थंड बासुंदीत घाला. दुसरा केसर आंबा, पिकलेला असेल तर फार गोड, कैरी असेल तर चालेल.

भांड्याचं पण बघा. डाळिंब, जांभूळ, चिंच ह्यातलं काहीही लोखंडी कढईत आटवू नका, काळं पडतं अन् लोखंडाची चव येते, कल्हई नसलेल्या पितळेत तर नाहीच नाही. सॉस स्टीलच्या पातेल्यात करा. तवा जड लोखंडी असला तरी चालतो, पण मग तव्यावरची खरवड साध्या पाण्यानं सोडवून घ्यायची अन् फळाच्या रसात ती स्टीलमध्येच मिसळायची.

अजूनही ठरत नसेल तर जेवणाच्या आठवडाभर आधी दोनच बटेर अन् एक डाळिंब आणा, घरातल्या दोघांसाठी करून बघा. आंबट किती लागतं, आपल्या गॅसवर तवा किती तापतो, कातडी कधी कुरकुरीत होते हे तेवढ्यात कळतं, अन् बदकाची अशी रंगीत तालीम करायची म्हणलं तर अख्खं बदक आणावं लागतं.