तापकीर गल्लीतले अँपवाले काका: दोन वर्षांची खरखर, एक रिले आणि शेवटी माझा पोपट

दुकान म्हणजे काय, पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीत दोन दुकानांच्या मधून एक जिना वर जातो, वर दहा बाय आठची खोली, एक टेबल, मीटर आणि चारी भिंतींना मेलेल्या अँपची (अॅम्प्लिफायरची) थप्पी. बोर्डबिर्ड काही नाही. नाव टाकत नाही कारण काकाच म्हणाले "नेटवर टाकू नका हो, आहेत तीच कामं उरकत नाहीयेत". गल्लीत जुन्या अँपचं काम कोण करतं विचारा, चहावालासुद्धा बोट दाखवेल.

तर अँप बाबांचा, १९८८ साली मामा मस्कतहून आला तेव्हा आणलेला जपानी माल, वजनाला नुसता धोंडा. दिवाळीच्या आधी आवाज गेला. लाइट लागतो, चालू केल्यावर चारेक सेकंदांनी आतून रिलेचा (स्पीकर जोडणारा-तोडणारा विजेवरचा स्विच) 'टक्' पण येतो, पण स्पीकर चिडीचूप. घरच्या घरी जे करता येतं ते सगळं करून झालं, स्पीकरच्या वायरी काढून परत घातल्या, स्पीकर ए-बीचं बटण बघितलं, सीडी प्लेअर काढून मोबाइल लावला, मागे प्री-आउट आणि मेन-इनला जोडणाऱ्या यू आकाराच्या पिना असतात त्याही नीट दाबल्या (ह्या सैल झाल्या की पुढे सिग्नलच जात नाही आणि अँप चालू असून मुका, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं). काही नाही.

मग एका सर्व्हिस सेंटरला नेला. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर न लावता सांगितलं मेन बोर्ड गेलाय, आयसी आता मिळत नाही, ६५०० होतील आणि गॅरंटी नाही, त्यापेक्षा ब्लूटूथवाला नवीन घ्या. वर बघायचे ३५० घेतले ते वेगळेच. बघितलं काय ते देव जाणे.

काकांनी अँप टेबलावर ठेवायच्या आधी विचारलं, "एकदम गेला का हळूहळू?" आणि तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. गेली दोन वर्षं आवाज कमी ठेवला की डावा स्पीकर गायब व्हायचा, नॉब फिरवून मोठा केला की 'फट्' करून परत यायचा. मी समजत होतो नॉबमध्ये धूळ गेलीय. काका नुसते हसले.

अनोळखी अँप ते डायरेक्ट बोर्डात लावत नाहीत, आधी सिरीजला १०० वॉटचा बल्ब. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला, म्हणजे आत शॉर्ट नाही. तो तसाच भगभगत राहिला असता तर बहुतेक आउटपुटचे ट्रान्झिस्टर उडालेले असतात. मग ड्रॉवरमधून एक जुना हेडफोन काढून लावला तर दोन्ही कानांत गाणं स्वच्छ! "अँप जिवंत आहे तुमचा, वाटेत अडलाय." ह्या मॉडेलला म्हणे हेडफोनची वायर रिलेच्या आधीच काढलेली आहे. मग रिलेच्या अलीकडे मीटर लावून डीसी (स्पीकरकडे जाऊ नये तो एकाच दिशेचा व्होल्टेज) बघितला, एका बाजूला ११ मिलिव्होल्ट, दुसरीकडे १७. "५० च्या आत असलं की मला झोप लागते" म्हणे.

राहिला रिले. कव्हर काढून दाखवला तर आतले पॉइंट काळेठिक्कर. हा रिले स्पीकरच्या रक्षणासाठी असतो, चालू करताना थोडा थांबतो आणि आत बिघाड होऊन डीसी आला तर स्पीकर तोडतो, नाहीतर स्पीकरची कॉइल जळते. पण इतक्या वर्षांत पॉइंटवर थर बसतो, कमी आवाजात तेवढ्या व्होल्टेजला तो थर भेदता येत नाही, मोठ्या आवाजात येतो, म्हणून ते 'फट्'. टक् वाजतो तो रिलेची कॉइल ओढते म्हणून, पॉइंट चिकटलेच असं नाही. मी म्हटलं पॉलिश पेपर मारला तर? काकांनी असं बघितलं की मी खाली बघायला लागलो. "मुलामा जाईल, सहा महिन्यांत परत इथेच याल."

नवा २४ व्होल्टचा रिले टाकला, हीटसिंकजवळचे सोल्डरचे दोन-तीन डाग सुटले होते तेही परत मारले. रिलेचे १५०, मजुरीचे ४५०, झाले ६००. जुना रिले पिशवीत घालून परत दिला हे मला सगळ्यात आवडलं. आणि हो, आयसी किंवा आउटपुट गेलेलं असेल तर ते आधीच सांगतात की बाजारात एसटीके आयसी आणि ५२००-१९४३ ट्रान्झिस्टरच्या जोड्या डुप्लिकेट फार, माल मनासारखा मिळाला तरच हात लावणार.

एक स्टार कापतोय. तीन दिवस सांगून नऊ दिवस लावले, फोन उचलत नाहीत, बिल नाही, गॅरंटी तोंडी. पार्किंगबद्दल तर बोलायलाच नको, रिक्षाने जा, पण १२-१३ किलोचं धूड घेऊन तो जिना चढताना मला माझं वय कळलं.

आता खरी गंमत. घरी आणून जोडला, लाइट लागला, टक् झालं, आणि आवाज शून्य! मी मनातल्या मनात काकांचा उद्धार करत रात्री नऊला फोन लावला, ह्या वेळी नेमका उचलला. "टेप मॉनिटरचं बटण आत गेलंय का बघा." गेलं होतं. रिक्षात मांडीवर धरून आणताना दाबलं गेलं असणार. ते बटण दाबलं की अँप तुमचा सीडी-मोबाइल सोडून मागे जोडलेल्या टेपडेककडून आवाज मागतो, आणि आमच्याकडे डेक जाऊन वीस वर्षं झाली. बायको आल्या-गेल्याला हा किस्सा सांगते. त्या बटणावर मी आता सेलोटेप लावलीय.