पाटी नसलेलं दुकान आणि कुंकवाचा लाल कप्पा

दुकानात शिरल्या शिरल्या डाव्या हाताला सात फणेरपेट्या, म्हणजे फणी-कुंकू ठेवायच्या आरशाच्या लाकडी पेट्या, एकावर एक रचून ठेवल्या होत्या. सहा चकचकीत. सगळ्यात खालची मात्र मळकट, एका बाजूची बिजागरी निखळलेली. मी सरळ जमिनीवर बसले आणि म्हटलं, "ती खालची काढून द्या."

दुकान आमच्या बडोद्यात लहरीपुरा दरवाज्याच्या आत, मांडवीकडे जाताना एका बोळात आहे. पाटी नाही. ओट्यावर पितळी हंडे आणि घंगाळी उपडी घातलेली दिसली की तेच. स्कूटर सुरसागरच्या बाजूला लावून चालत जावं. दुपारी एक ते चार बंद. गेली सहा वर्षं मी तिथे जाते आहे. जुन्या मराठी घरांतलं सामान, वाडे पडतील तसं, अशाच दुकानांत येऊन पडतं. ते आपल्या माणसांनी परत घरी न्यावं आणि वापरावं, असं मला मनापासून वाटतं. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

दांडिया बाजारातला आमचा वाडा विकला तेव्हा मी दहावीत होते. भांडीकुंडी मोजून वाटण्या झाल्या. आजीची फणेरपेटी कुणाच्याच यादीत आली नाही आणि भंगाराच्या हातगाडीवर गेली. ती गाडी बोळाच्या तोंडाशी वळेपर्यंत मी दारात उभी होते.

दुकानातली ही पेटी सागाची होती, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत भरेल एवढी. झाकण उचललं की आतला आरसा टेकूवर तिरका उभा राहतो. खाली कप्पे: फणीचा लांबट, मेणाच्या डबीचा, कुंकवाच्या करंड्याचा, आणि तळाला पितळी गुंडीचा एक छोटा खण. टिकलीच्या जमान्यातल्या मुलींसाठी सांगते, आधी कपाळाला बोटाने मेणाचा गोल लावायचा आणि मग त्यावर कोरडं कुंकू. सांडलेलं कुंकू लाकडात मुरतं. या पेटीतला कुंकवाचा कप्पा कोपऱ्यांपर्यंत लाल होता. झाकण उचलताना अंगठा जिथे टेकतो तिथली कड झिजून गुळगुळीत, थोडी खोलगट झाली होती. मी तिथे अंगठा ठेवला. बरोब्बर बसला.

मालक सत्तरीचे गुजराती गृहस्थ. प्रत्येक गिऱ्हाइकाला त्यांचं एकच सांगणं, "बेन, पहेलां खोलीने जुओ." आधी उघडून बघा. दुकानातली कुठलीही वस्तू हातात घेऊन, उलटी करून, वास घेऊन बघायला ते आडकाठी करत नाहीत, आणि मला या दुकानाचा सगळ्यात मोठा गुण हाच वाटतो. काय बदललंय तेही स्वतःहून सांगतात. या पेटीचा आरसा जुनाच आहे, पण खणाची गुंडी नवी बसवलीय, हे त्यांनी मी विचारायच्या आधी सांगितलं. इतर ठिकाणी कुठल्याही जुन्या आरशाला "बेल्जियमची काच" म्हणून मोकळे होतात. आरसा जुना असेल तर मागचा चांदीचा मुलामा कडेने काळा पडलेला असतो, मध्ये बारीक ठिपके असतात. पेटीचा तळही बघावा. वरून साग आणि तळाला प्लायवूड, असं सर्रास असतं. स्क्रूच्या डोक्यावर अधिकच्या चिन्हासारखी खाच दिसली, तर तो स्क्रू तरी नंतरचा आहे हे नक्की.

आता तक्रार. त्या सहा चकचकीत पेट्या. दुकानातला कारागीर आलेली जवळजवळ प्रत्येक पेटी पॉलिश पेपरने घासून काढतो आणि वर जाड चकाकणारं पॉलिश मारतो. त्यात अंगठ्याची झीज जाते, कुंकवाचा रंग जातो, आणि राहते ती कुठल्याही शोरूममधली पेटी. मी हे मालकांना स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले की दहातली आठ गिऱ्हाइकं चमकच मागतात. असेल. पण ज्या लाकडाला शंभर हात लागलेत ते लाकूड घासून टाकताना माझा जीव तुटतो. तुम्ही गेलात तर "पॉलिश न केलेली दाखवा" असं दारातच सांगा. मागच्या खोलीत असतात, काढून देतात.

माझी पेटी 2,800 रुपयांना मिळाली. घासाघीस करून दोनशे कमी झाले, ते धरून. बिजागरी त्यांनीच बसवून दिली, जुन्या पितळी तुकड्यातून कापून.

घरी आणल्यावर पाचव्या दिवशी मात्र पेटीखाली पिठासारखी बारीक भुकटी दिसली. मागच्या पट्टीत टाचणीएवढी तीन भोकं. घुण! हे दुकानात दिसायला हवं होतं, मलाही आणि त्यांनाही. फोन केला तर म्हणाले, परत आणा, पैसे देतो. मला पेटी परत द्यायची नव्हती. लाकडाच्या किडीचं औषध इंजेक्शनच्या सुईने भोकांत सोडलं, पेटी प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून बाल्कनीत ठेवली, मग खाली काळा कागद पसरून महिनाभर रोज बघितलं. भुकटी पुन्हा पडली नाही. जुनं लाकूड विकत घेणाऱ्यांनी ही काळ्या कागदाची परीक्षा जरूर करावी, आणि तोवर ती वस्तू घरातल्या बाकी फर्निचरजवळ नेऊ नये.

बाकीच्या खरेदीत एक पानाचा डबा आहे, आत सुपारी, कात, लवंग अशा वाट्यांचा. आमच्याकडे कुणी पान खात नाही. जेवणाच्या टेबलावर त्यात बडीशेप, ओवा, धनाडाळ, ज्येष्ठमध असतं आणि पाहुण्यांचा हात आपोआप तिकडे जातो. तो साफ करायला दुकानातल्या मुलाने चिंच-मीठ सांगितलं. चिंचेने पितळ लख्ख होतं खरं, पण फार वेळ लावून ठेवलं तर आम्लाने वरचं जस्त निघून जातं आणि तांबूस डाग पडतात. मी चिंच लावून लगेच धुते आणि कोरड्या फडक्याने पुसते. नक्षीच्या खाचांत राहिलेला काळेपणा तसाच ठेवते, त्यानेच नक्षी उठून दिसते.

संखेड्याचा एक छोटा गोल डबाही तिथूनच घेतला. संखेडा इथून जेमतेम पन्नास किलोमीटर, म्हणून त्या कामाची किंमत बडोदेकरांना वाटत नाही. कातलेल्या सागावर कलईची, म्हणजे कथलाची नक्षी काढतात, ती अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घोटतात आणि वर लाखेचा पारदर्शक थर देतात. त्या लाखेमुळे खालची रुपेरी नक्षी सोनेरी दिसते. माझ्या डब्याचा एके ठिकाणी टवका उडालाय आणि तिथे खालचा रुपेरी रंग उघडा पडलाय. तो टवका मी दर दिवाळीला सगळ्यांना दाखवते. त्यात सुया, दोरे, हुक ठेवते.

काचेच्या शोकेसमध्ये मी यातलं काहीही ठेवलेलं नाही. फणेरपेटी आरशाच्या टेबलावर नाही, खिडकीखाली चटईवर आहे, कारण ती बसून वापरायची वस्तू आहे. सून रोज सकाळी तिच्यासमोर मांडी घालून वेणी घालते.

मालकांच्या सचोटीचा आणखी एक पुरावा. अमेरिकेतली माझी भाची या दुकानातली एक नक्षीची पेटी घेऊन जाणार होती. पैसे द्यायला पर्स उघडली तर त्यांनीच थांबवलं. पेटी शंभर वर्षांहून जुनी असेल तर 1972च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे ती देशाबाहेर नेता येत नाही, आणि तेवढी जुनी नसेल तर तसा दाखला पुरातत्त्व खात्याकडून घ्यावा लागतो, हे त्यांनी समजावून सांगितलं. हातात आलेलं गिऱ्हाईक सोडलं. भाचीने मग एक साधा पत्र्याचा बिस्किटांचा डबा नेला, झाकणावर बागेतल्या मुलांचं चित्र असलेला, आणि त्यात आता ती आईची पत्रं ठेवते.

गेल्या महिन्यात तिथे एक पटारा, म्हणजे मोठी लाकडी पेटी, आलाय, काठियावाडी, पितळी पत्रा ठोकलेला, खाली लाकडी चाकं. माझ्या कमरेपर्यंत उंच. मी मांजलपूरच्या आमच्या लिफ्टचं दार मोजून आले आहे, दोन इंच कमी पडतात. हमाल तीन मजले चढवायला तयार आहे का, ते मालक शनिवारी सांगणार आहेत.