मोटरसाठी कोणती तार: पॉलियुरेथेन की दुहेरी थराची?

रिले (विजेने चालणारा स्विच), सेन्सरची कॉइल असं बारीक काम असेल तर पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा विद्युतरोधक लेप असलेली तांब्याची तार घ्या. साधारण 390 अंश सेल्सिअसच्या सोल्डरमध्ये टोक बुडवलं की लेप जळून निघतो आणि टाका बसतो. केसाएवढी तार ब्लेडने खरवडायला गेलं की तुटतेच, म्हणून ही सोय मोठी. उष्णतेचा वर्ग, म्हणजे लेप साधारण किती अंश सेल्सिअसपर्यंत टिकतो तो आकडा, मात्र बहुधा 130 किंवा 155.

मोटरला पॉलिएस्टर-इमाइडवर पॉलिअमाइड-इमाइडचा थर दिलेली, 200 वर्गाची तारच बरी. मोटरच्या खाचांमध्ये (स्लॉटमध्ये) दाबून बसवताना होणारी घासाघीस वरचा थर सोसतो, ओव्हरलोडची उष्णताही झेलतो. टोकं खरवडण्याचा वैताग आहे खरा. अर्धवट खरवडलंत तर जोड तापणार.

गेज, म्हणजे तारेची जाडी, दोन्हींचा लेप काढूनच मोजा. मायक्रोमीटरला इनॅमल, म्हणजे हा लेपही, तांबंच वाटतं!