बेळगावातली पेनची ओपीडी: गोळीचा हिशोब मागतात, पण गोळी देतात

आमच्या आबांना जबड्याचा कॅन्सर आहे. निपाणीत तंबाखूच्या वखारीत आयुष्य गेलं, १९८१ च्या तंबाखू आंदोलनात रस्त्यावर बसले होते. डॉक्टरांनाही ते हेच आधी सांगतात, दुखणं मागनं. शस्त्रक्रिया झेपणार नाही असं ठरल्यावर बेळगावातल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या पेन ओपीडीत, म्हणजे दुखणं कमी करायच्या विभागात, पाठवलं. नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारही आहे.

पहिली भेट म्हणजे उलटतपासणीच. दुखणं दहापैकी किती? दारू? झोपेची गोळी? आधी कुठल्या डॉक्टरनं काय दिलंय? गोळ्या घरात कोण ठेवणार, कुलूप आहे का, तरुण पोरं आहेत का? आमची मंडळी बाहेर येऊन फणफणली, ‘आमच्या पोराला चोर समजायलेत काय?’ मलाही ते खटकलं होतं. पण निपाणीत चालू असलेली झोपेची गोळी त्यांनी तिथल्या तिथं कमी करायला घेतली, हळूहळू बंद करायची म्हणाले. इथं दुखण्यावर मॉर्फिन देतात, अफूपासूनचं कडक औषध. ते आणि झोपेची गोळी एकत्र पोटात गेली तर श्वास मंदावतो. एवढे दिवस हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

चिठ्ठी अशी: मॉर्फिन दहा मिलिग्रॅम, दर चार तासांनी, रात्री झोपताना दुप्पट, म्हणजे मधल्या डोसाला म्हाताऱ्याला उठवायला नको. पोट साफ व्हायची गोळी पहिल्या दिवसापासूनच, कारण मॉर्फिननं बद्धकोष्ठ होतंयच. पुढच्या वेळी रिकाम्या पट्ट्या परत आणायच्या, काउंटरवरचा माणूस त्या मोजतो आणि रजिस्टरवर सही घेतो. आबा आता पेज पितात, आंबील मागतात, आणि बातम्या बघत सरकारला शिव्या घालतात. दोन्ही सरकारांना, सीमाभागातला माणूस!

ही गोळी साध्या मेडिकलमध्ये मिळत नाही, शोधत फिरू नका. २०१४ ला एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा बदलला, तेव्हापासून मान्यताप्राप्त संस्थांना ती ठेवता येते. त्याआधी वेगवेगळ्या खात्यांचे परवाने गोळा करत बसावं लागायचं. ट्रामाडोल ही दुसरी दुखण्याची गोळीसुद्धा २०१८ पासून त्याच कायद्यात आलीय. ती देताना मेडिकलवाल्यानं डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव वहीत लिहायचं असतंय, आणि ती वही तीन वर्षं ठेवायची असते. कुणी बिनचिठ्ठीचं देत असेल तर त्याला ओळखीचा म्हणून खूश होऊ नका.

माझी भाची अमेरिकेत औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. तिला आबांचा डोस सांगितला तर ती लगेच म्हणाली, ‘मामा, दिवसाला साठ मिलिग्रॅम. पन्नासच्या वर गेलं की आमच्याकडं जास्त काळजी घ्यायला सांगतात.’ तिथं म्हाताऱ्या माणसांच्या सरकारी विम्यात, मेडिकेअरच्या औषध योजनेत, २०१९ पासून असले नियम आहेत. पहिल्यांदाच अशी अफूच्या जातीची गोळी घेणाऱ्याला तात्पुरत्या दुखण्यासाठी सात दिवसांच्या वर पुरवठा नाही. रोजचा डोस, गोळी कुठलीही असो, मॉर्फिनच्या मापानं नव्वद मिलिग्रॅमवर गेला की संगणक अडवतो, मग फार्मासिस्टनं डॉक्टरला फोन करायचा. कॅन्सरच्या पेशंटला मात्र हे लागू नाही, आणि ही सूट नियमातच लिहिलीय. तिथल्याच २०१६ च्या सरकारी मार्गदर्शनातले आकडे बऱ्याच ठिकाणी भिंतीसारखे उभे केले गेले, वर्षानुवर्षं औषधावर असलेल्या लोकांचे हाल झाले, म्हणून २०२२ ला ‘हे आकडे ताठर मर्यादा म्हणून वापरू नका’ असं सुधारून सांगावं लागलं.

माझी तक्रार इथंच आहे. या ओपीडीत डॉक्टर विचार करून सूट देतात, काउंटर देत नाही. खानापूरकडचे एक काका रिकाम्या पट्ट्या विसरून आले होते. बायको घरी कण्हत होती, आणि खिडकीतला माणूस ‘पट्टी आणा, मग बघू’ एवढंच म्हणत होता. शेवटी नर्सताईंनी आत नेलं, डॉक्टरांनी फाइलवर दोन ओळी लिहिल्या आणि गोळ्या मिळाल्या. पट्टी हरवली तर काय करायचं, ते खिडकीवर लिहून लावायला काय जातंय? आणि लावाल तर मराठीतही लावा. आत सगळे मराठी बोलतात, पाट्या तेवढ्या कन्नड आणि इंग्रजीत.

पाचपैकी चार. एक गुण त्या खिडकीचा कापला.

जाणाऱ्यांनी सकाळी लवकर जावं, दुपारी काउंटर बंद होतो. बायोप्सीचा रिपोर्ट, आधार कार्ड आणि चालू असलेली सगळी औषधं पिशवीत घालून न्या, नुसती नावं सांगून भागत नाही. पेशंटला दर वेळी गाडीत घालून न्यायला नको. पहिल्याच भेटीत घरच्या एका माणसाचं नाव फाइलीत घालून घ्या, त्याला गोळ्या देतात.